मुलांना काय कळले, हे कसे कळावे?

गणिताच्या शिक्षकाचे एक भाग्य असते. त्याने घातलेले उदाहरण मुलाला सुटले की नाही, हे वहीवर नजर टाकताच त्याला समजते. आणि सुटले नसेल तर हातचा कोठे राहिला, वजाबाकी कोठे चुकली, तेही तेथेच दिसते. सामाजिक अभ्यास शिकवणाऱ्याला हे भाग्य लाभत नाही. 'नगरपालिकेची कामे लिहा' या प्रश्नाला मुलाने पाच कामे ओळीने लिहिली, तर त्याला पाचपैकी पाच गुण द्यावेच लागतात. पण 'तुमच्या गल्लीतला नळ चार दिवस कोरडा असेल, तर तुम्ही कोणाकडे जाल?' असे त्याच मुलाला विचारले, तर ते गोंधळून आपल्याकडे पाहत राहण्याचा संभव पुष्कळ. मग त्या पाच गुणांनी नेमके काय मोजले? मुलाला नगरपालिका कळली, की नगरपालिकेवरचा परिच्छेद आठवला? आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. प्राथमिक शाळेतील मुलांना समाजाविषयी आपण जे शिकवतो, ते त्यांना कळले की नाही, हे कसे ओळखावे, आणि ओळखून पुढे काय करावे?

हा विषय आपल्या शाळांत आला तो एका विशिष्ट हेतूने. १९३७ साली वर्धा येथे नयी तालीमची कल्पना मांडली गेली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. त्यात इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांची सांगड घालून 'सामाजिक अभ्यास' असा एकच विषय योजला होता. पुढे १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांसाठीही त्याचा पुरस्कार केला. मुलाने आपल्या भोवतालच्या माणसांकडे, व्यवसायांकडे, नदीकडे, रस्त्याकडे डोळसपणे पाहावे आणि तेथून हळूहळू देशाकडे व जगाकडे जावे, ही त्यामागील भूमिका होती. आज महाराष्ट्रात लहान वर्गांना 'परिसर अभ्यास' आणि मध्य प्रदेशात 'पर्यावरण अध्ययन' म्हणतात. नावे निराळी, हेतू तोच. परंतु विषय नवा आला तरी परीक्षा मात्र जुनीच राहिली. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, सनावळी सांगा, टीपा लिहा. आणि अनुभव असा आहे की, वर्गात काय शिकवले जाईल हे अभ्यासक्रमाच्या प्रस्तावनेवरून ठरत नाही, वार्षिक प्रश्नपत्रिकेवरून ठरते. मुलेही चतुर असतात. जे विचारले जाणार नाही ते शिकण्याचा खटाटोप ती करीत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

ही गोष्ट एखाद्या खऱ्या ठिकाणी नेऊन पाहिल्याखेरीज नीट उमगणार नाही. म्हणून आपण जबलपूर शहरातील गोरखपूर या वस्तीत जाऊ. शहरातून ग्वारीघाटाकडे, म्हणजे नर्मदेकडे, जाताना लागणारी ही गजबजलेली वस्ती. बाजार, दुकाने, शाळा, देवळे, गुरुद्वारा असे सगळे तेथे आहे. मदनमहालचा डोंगर दूर नाही. गोरखपुरालगतच हाऊबाग नावाचे छोट्या रेल्वेचे स्थानक होते. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने सातपुड्यातून जी नॅरोगेज लाइन काढली, तिने जबलपूरला नैनपूर, बालाघाट आणि गोंदिया या गावांशी जोडले. मराठी मुलुखातून महाकोशलात येणाजाणाऱ्या कित्येक कुटुंबांनी या गाडीच्या डब्यात रात्री काढल्या असतील. २०१५ साली जबलपूरकडील ही छोटी गाडी बंद झाली, तिच्या जागी ब्रॉडगेज मार्ग आला, आणि हाऊबाग स्थानक मागे पडले.

आता समजा, या वस्तीतल्या एखाद्या शाळेत सहावीच्या वर्गाला 'वाहतूक व दळणवळण' हा पाठ शिकवून झाला आहे. परीक्षेत प्रश्न दोन प्रकारे विचारता येईल. पहिला प्रकार परिचित आहे: 'रेल्वेचे महत्त्व चार वाक्यांत लिहा.' दुसरा असा: 'हाऊबागला गाडी येईनाशी झाल्यावर कोणाकोणाच्या जीवनात काय फरक पडला असेल? नव्या मार्गाने कोणाला काय लाभले असेल?' या दुसऱ्या प्रश्नाला तीन मुलांनी तीन उत्तरे लिहिली, अशी कल्पना करा.

पहिला मुलगा लिहितो: 'रेल्वे हे दळणवळणाचे महत्त्वाचे साधन आहे. रेल्वेमुळे व्यापार वाढतो व देशाची एकात्मता साधते.' अक्षर सुरेख, शुद्धलेखन निर्दोष. दुसरी मुलगी लिहिते की, स्थानकाबाहेर चहा विकणाऱ्याचे गिऱ्हाईक गेले असेल, रिक्षावाले दुसरीकडे गेले असतील, जवळ राहणाऱ्यांना आता गाडीसाठी लांब जावे लागते, पण मोठी गाडी लवकर पोचते आणि तिच्यात माणसेही जास्त मावतात. तिच्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या दहा चुका आहेत. तिसरा मुलगा लिहितो: 'लोक तिकीट काढत नव्हते म्हणून गाडी बंद केली.'

आपल्या नेहमीच्या तपासणीत काय घडेल, ते सांगावयास नको. पहिल्याला सर्वाधिक गुण, दुसरीचे चुकांपायी गुण कमी, आणि तिसऱ्याला शून्य. वस्तुतः पहिल्याने प्रश्न वाचलाच नाही. त्याने पाठ केलेले वाक्य प्रश्नावर ठेवून दिले. ते वाक्य खरे आहे, पण ते या प्रश्नाचे उत्तर नाही. दुसरीला हा विषय कळला आहे. एकाच बदलाने एकाचे नुकसान आणि दुसऱ्याचा फायदा होतो, हे तिने पाहिले. समाजाच्या अभ्यासातले हे पहिले आणि कदाचित सर्वांत मोलाचे शहाणपण. आणि तिसऱ्याचे उत्तर चुकीचे असले तरी शिक्षकाच्या दृष्टीने ते सर्वांत उपयोगाचे आहे. त्याने कारण शोधण्याचा यत्न केला आहे. परंतु घटनांमागे कोणाचा तरी गुन्हा असतो आणि शिक्षा म्हणून गोष्टी बंद होतात, अशी त्याची समजूत दिसते. रेल्वेसारखी मोठी संस्था रुळांची रुंदी बदलण्याचा निर्णय घेते, तो दूर कोठे तरी होतो आणि त्याचा परिणाम आपल्या दारात उमटतो, ही कल्पना त्याच्यापर्यंत पोचलेली नाही. उद्याच्या तासाला काय शिकवावे, हे या एका ओळीने शिक्षकाला सांगितले. शून्य गुण देऊन वही मिटली, तर तो निरोप वाया गेला.

यावर कोणी म्हणेल की, मग पाठांतराला काहीच किंमत नाही काय? तसे म्हणणे चुकीचे होईल. आठवणीत काही नसेल तर विचार कशावर करणार? राणी दुर्गावती १५६४ साली मोगल सेनेशी लढताना पडली. जबलपूरच्या मुलाला हे साल ठाऊक असले पाहिजे. नाहीतर अकबर, दुर्गावती आणि नागपूरचे भोसले हे सगळे त्याच्या मनात एकाच काळात वावरतील. या प्रदेशावर भोसल्यांचा अंमल आला १७९८ च्या सुमारास आणि गेला १८१७ साली. म्हणजे दुर्गावतीनंतर दोनशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. हा क्रम आणि हे अंतर कळण्यासाठी साले हवीतच. परंतु साल हे खुंटीसारखे आहे. खुंटी भिंतीत पक्की बसली की नाही एवढेच पाहून आपण थांबतो. तिच्यावर काही टांगले आहे काय, हे पाहत नाही.

दुर्गावतीचेच उदाहरण पुढे नेऊ. तिचा पराभव करणारी सेना अकबराची, आणि अकबराच्या दरबारातील अबुल फजल याने आपल्या 'अकबरनामा' ग्रंथात तिच्या शौर्याची वाखाणणी केली आहे. मुलांना एवढेच सांगून विचारावे: 'हे लिहिणारा कोणाच्या पदरी होता? शत्रूच्या बाजूच्या माणसाने स्तुती केली, तर तिच्यावर आपण अधिक विश्वास ठेवावा की कमी? का?' अकरा-बारा वर्षांची मुले या प्रश्नावर हिरिरीने बोलू शकतात. कोणी म्हणेल, शत्रू खोटी स्तुती कशाला करील? कोणी म्हणेल, शूर राणीला हरवले म्हणजे आपला राजा अधिक मोठा ठरतो, म्हणून केली असेल. दोन्ही उत्तरे चांगली आहेत. कारण दोन्ही मुलांनी, लिहिलेले वाक्य कोणी लिहिले आणि कशासाठी, हा प्रश्न स्वतःला विचारला. वर्तमानपत्रातील मजकूर आणि हातातल्या फोनवर आलेला संदेश वाचताना हाच प्रश्न उद्या त्यांच्या उपयोगी पडणार आहे.

परीक्षेचे वर्गीकरण आपल्याला नवे नाही. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली शैक्षणिक उद्दिष्टांची जी मांडणी प्रसिद्ध केली, तिच्यातून ज्ञान, आकलन, उपयोजन हे शब्द आपल्या अध्यापक विद्यालयांत रुळले. प्रश्नपत्रिकेबरोबर संविधान तक्ता जोडण्याची रीत पडली. आकलनाचे इतके गुण, उपयोजनाचे इतके. तक्ता निर्दोष असतो. परंतु 'कारणे द्या' या सदराखालील कारणे आधीच मार्गदर्शिकेत छापलेली आणि मुलाने घोकलेली असतील, तर तक्त्यात त्याला आकलन म्हटल्याने तो प्रश्न आकलनाचा होत नाही. प्रश्नाचा प्रकार त्याच्या शब्दांवरून ठरत नाही. मुलाने त्याचे उत्तर पूर्वी तयार पाहिले होते की नाही, यावर तो ठरतो. ही कसोटी शिक्षकाला कोणत्याही तक्त्यावाचून लावता येते.

ही केवळ कल्पना नाही, याची साक्ष नर्मदेच्याच काठी मिळते. जबलपूरहून नदीच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेस गेले की होशंगाबाद लागते. आता त्याचे नाव नर्मदापुरम् झाले आहे. या जिल्ह्यात १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक निराळा प्रयोग सुरू झाला, आणि १९७८ पासून तो जिल्हाभर पसरला. १९८२ साली स्थापन झालेल्या 'एकलव्य' या संस्थेने पुढे सामाजिक अध्ययनाचीही सहावी ते आठवीची नवी पुस्तके तयार केली आणि काही शासकीय शाळांत ती शिकवली गेली. या कार्यक्रमांचे एक वैशिष्ट्य असे की, परीक्षेत मुलांना पुस्तक उघडून पाहण्याची मुभा होती. ऐकणाऱ्याला वाटते, मग परीक्षा ती कसली? पण क्षणभर विचार केला, तर ध्यानात येते की पुस्तक हाती देताच प्रश्न काढणाऱ्याचीच परीक्षा सुरू होते. पुस्तकातून उतरवून काढता येईल असा प्रश्न आता त्याला विचारता येत नाही. त्याला नकाशा द्यावा लागतो, दोन गावांची तुलना करावयास सांगावे लागते, अनोळखी प्रसंग पुढे ठेवून मत विचारावे लागते. मुलालाही पुस्तक कोठे उघडावे, त्यातले काय घ्यावे आणि काय सोडावे, हे ठरवावे लागते. अनेक वर्षे चाललेले हे कार्यक्रम शासनाने २००२ साली थांबवले. त्यांच्या गुणदोषांविषयी मतभेद असू शकतील. परंतु साध्या सरकारी शाळांतील मुलांची परीक्षा पाठांतरावाचूनही घेता येते, एवढे त्यांनी दाखवून दिले आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी श्रोत्यांना एक गोष्ट विशेष जवळची वाटेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे जुन्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. येथील मराठी घरांतील मूल घरी एक भाषा बोलते आणि शाळेत हिंदीत किंवा इंग्रजीत उत्तरे लिहिते. मंडला-डिंडोरीकडून शहरात आलेल्या गोंड कुटुंबातल्या मुलाची वाट तर याहून बिकट असते. अशा मुलाच्या उत्तरपत्रिकेवर जे गुण पडतात, ते समाजाच्या ज्ञानाचे की भाषेच्या सफाईचे? सामाजिक अभ्यास हा सगळा शब्दांत लिहिण्याचा विषय झाल्यामुळे ज्याची भाषा लंगडी, त्याची समजही लंगडी ठरवली जाते. यावर उपाय अवघड नाही. काही प्रश्न तोंडी विचारावेत, आणि उत्तर मुलाला सुचेल त्या भाषेत ऐकून घ्यावे. काही ठिकाणी चित्र काढू द्यावे. शाळेपासून घरापर्यंतचा नकाशा काढावयास सांगितला, तर एका कागदावर पुष्कळ काही दिसते. लहान मूल आपले घर शाळेहून मोठे काढते, कारण ते त्याच्या मनात मोठे असते. मग एखाद्या वर्षी ते अचानक घर लहान काढू लागते, आणि प्रमाण ही कल्पना त्याच्या मनात रुजली हे शिक्षकाला शब्दावाचून समजते. ग्वारीघाट कोणत्या दिशेला, नर्मदा कोणीकडून कोणीकडे वाहते, हे ज्याला बाणाने दाखवता आले, त्याला पश्चिमवाहिनी नदी म्हणजे काय ते कळले. त्याला 'पश्चिमवाहिनी' हा शब्द लिहिता आला नाही तरी हरकत नाही. तो पुढे येईल.

शिक्षकांची अडचण येथे विसरून चालणार नाही. एका वर्गात पन्नास-साठ मुले, हाती पस्तीस-चाळीस मिनिटे आणि शाळेबाहेरची कामे वेगळी. अशा शिक्षकाला प्रत्येक मुलाचे मन वाचा, असे सांगणे म्हणजे त्याची थट्टा होय. महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू केले, त्यात वर्षभरचे आकारिक मूल्यमापन आणि सत्रान्तीचे संकलित मूल्यमापन असे दोन भाग केले. विचार उत्तम होता. परंतु जेथे नोंदी या नोंदवहीसाठीच होऊ लागल्या, तेथे 'प्रगती समाधानकारक', 'सुधारणा आवश्यक' असे शिक्के उमटत राहिले. अशी नोंद वाचून कोणालाही काही कळत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकच मोकळा प्रश्न विचारावा, आणि त्या आठवड्यात फक्त सहा-सात वह्या बारकाईने वाचाव्यात. दोन महिन्यांत सगळा वर्ग वाचून होतो. नोंद एका ओळीची असावी, पण ती त्या मुलाचीच असावी: 'नकाशातील दिशा कळतात, अंतर कळत नाही', 'कारण सांगते, पण एकच सांगते', 'ऐकीव आणि वाचलेले यांत फरक करीत नाही'. अशी एक ओळ दहा शिक्क्यांहून मोलाची.

मोकळ्या उत्तरांना गुण देताना पक्षपात होईल, ही भीतीही खोटी नाही. त्यासाठी शाळेतील दोघा-तिघा शिक्षकांनी तपासणीपूर्वी एकत्र बसून थोड्या उत्तरपत्रिका वाचाव्यात, कोणत्या उत्तराला किती आणि का, हे ठरवावे, आणि मग उरलेल्या तपासाव्यात. यात जो वाद होतो, तोच शिक्षकांचे उत्तम प्रशिक्षण होय.

मात्र एका गोष्टीला गुण देण्याचा मोह आवरला पाहिजे. समता, सहिष्णुता, देशप्रेम हे या विषयाचे उद्देश आहेत, म्हणून त्यांचीही परीक्षा घ्यावी असे काहींना वाटते. 'अस्पृश्यता का वाईट?' या प्रश्नाला मूल अचूक उत्तर लिहील, आणि मधल्या सुट्टीत डबा उघडताना कोणाशेजारी बसायचे हे घरच्या शिकवणीप्रमाणे ठरवील. त्या उत्तराला पूर्ण गुण दिले, तर मुलाने त्या दिवशी एकच गोष्ट शिकली: वहीत एक लिहावे आणि वागावे दुसरे. वृत्तीकडे शिक्षकाचे लक्ष असावे, तिच्यासाठी वर्गातील बसण्याची, खेळण्याची, काम वाटून देण्याची रीत बदलावी. पण तिला दहापैकी आठ असे मोजू नये.

हा सगळा विचार आज अधिक निकडीचा झाला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई केली होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा आली. अनुत्तीर्ण मुलाला जादा शिकवून निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यावी, आणि तेव्हाही ते उतरले नाही, तर त्याला मागे ठेवण्याची मुभा शासनाला असावी, अशी ही तरतूद आहे. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांत अशा परीक्षा पुन्हा होऊ लागल्या आहेत. मुलाला मागे ठेवावे की नाही, या वादात मी आज शिरत नाही. मला चिंता आहे ती त्या दोन महिन्यांची. ऐन उन्हाळ्याच्या त्या दिवसांत त्या मुलाला शिकवायचे काय? त्याच्या प्रश्नपत्रिकेत रिकाम्या जागाच असतील, तर त्याला शंभरपैकी बावीस गुण मिळाले एवढेच शिक्षकाच्या हाती राहते. बावीस या आकड्यावरून काही शिकवता येत नाही. मग त्याच रिकाम्या जागा पुन्हा घोकून घेतल्या जातात, मूल कसेबसे पार पडते किंवा पडत नाही, आणि दोन्ही बाबतीत त्याची समज होती तेथेच राहते. ज्या घरी शिकवणी लावता येते ते मूल सुटते. ज्याचे आईबाप मजुरीवर जातात, त्याचे वर्ष जाते. उलट, त्याने काय मानले आहे, कोठे गोंधळ आहे, हे जर उत्तरपत्रिकेतून दिसले असेल, तर दोन महिने पुष्कळ झाले.

वैद्य नाडी पाहतो ती रोग्याला उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण ठरवण्यासाठी नव्हे, तर औषध कोणते द्यावे हे कळण्यासाठी. शाळेतील तपासणीचेही प्रयोजन तेच असले पाहिजे. पालकांनी मुलाची प्रगतिपुस्तिका हाती घेताना गुण जरूर पाहावेत. पण एक प्रश्न शिक्षकांना अवश्य विचारावा: 'याला काय कळले नाही, आणि ते आता कसे शिकवणार?' या प्रश्नाचे उत्तर ज्या शाळेपाशी आहे, तिची परीक्षा पद्धती कागदावर कशीही असो, ती योग्य वाटेवर आहे. आणि ज्या शाळेपाशी ते नाही, तेथे सर्व मुले पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली तरी सामाजिक अभ्यास हा विषय तेथे अजून शिकवला गेलेला नाही, असेच समजावे.